सतरा नंबरची मुळं

कौसाक्का मुळं डोळे मिटून मोजायची.

टोमॅटोचं रोप मातीच्या गोळ्यासकट कुंडीतून काढायचं, पाण्याच्या टबात अलगद सोडायचं आणि माती आपली आपण खाली बसेपर्यंत काहीच करायचं नाही. मग ती बांगड्या वर सारून दोन्ही हात पाण्यात घालायची आणि डोळे मिटायची. लेकीच्या न्हालेल्या केसांतून गुंता काढावा तशी तिची बोटं मुळांतून फिरायची. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. शेडनेटच्या जाळीतला उजेड हिरवा असतो. त्या उजेडात तिचं तोंड पाण्याखाली असल्यासारखं दिसायचं. बऱ्याच वेळाने ती म्हणायची, "नऊ." समोर खुर्चीवर बसलेले मळ्याचे सर ते मूळ पांढऱ्या ट्रेमध्ये पसरून भिंगाने बघायचे. गाठी नऊच निघायच्या.

आमचा मळा उमापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडा आत आहे. भाज्यांच्या नव्या वाणांची तिथे परीक्षा घेतात, आणि परीक्षा एकाच गोष्टीची. जमिनीत केसाहून बारीक, डोळ्याला न दिसणारी एक अळी असते. सर तिला सूत्रकृमी म्हणतात. ती टोमॅटोच्या, वांग्याच्या, भेंडीच्या मुळात शिरते. मूळ सुजतं, गाठी धरतं. वर झाड नुसतं पिवळं पडत जातं आणि माणूस आपलं पाणी घालत बसतो. आमचं काम असं, की वेगवेगळ्या वाणांच्या कुंड्यांत ही अळी मुद्दाम सोडायची, दोन महिने थांबायचं, मग मुळं धुऊन कुणाला किती गाठी आल्या ते मोजायचं. गावातले लोक त्याला गाठीचा मळा म्हणतात. कुंड्यांसाठी माती स्वच्छ हवी म्हणून आम्ही ती ड्रममध्ये वाफेवर उकडतो. ड्रम पेटला की रस्त्याने जाणारं कुणीतरी हटकून ओरडायचं, "कौसाक्का, मातीचा भात झाला का?"

"झाला की. ये, वाढते. कालवण तेवढं घरून आण."

मी तिथे कामाला लागले तेव्हा कौसाक्का आम्हा बायकांची मुकादम होती. तिने नाव विचारलं. मी सांगितलं ते पदरातच राहिलं. आशामती नावाची बाई शेजारी कुंड्या भरत होती, ती म्हणाली, "हिला ऐकू येत न्हाई का काय?"

"येतंय की," अक्का म्हणाली. "बोलणाऱ्या लई हायेत आपल्यात. एखादी ऐकणारी असू द्या." मग माझ्याकडे वळून, "सुमन म्हणलीस न्हवं? बस हितं. आशामतीकडं लक्ष देऊ नकोस, तिची जीभ आणि कुदळ एकाच लोहारानं केलीया."

मला चौथीनंतर शाळा नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो, अजूनही. पण अक्काजवळ बसलं की बोलायची गरजच पडत नसे. ती स्वतःशी बोलल्यासारखं बोलत राहायची, कधी माझ्याशी, कधी रोपाशी. तिचं एक म्हणणं मी पुष्कळदा ऐकलं: "झाडाचं त्वांड मातीत असतंय गं. वर बघतो ती नुसती पाठ. पाठीवरनं कुणाचं दुखणं कळलंय का?"

मळ्याच्या एका कोपऱ्यात तारेचं कुंपण घातलेला वाफा आहे. त्याला आम्ही आजारी वाफा म्हणतो. गावोगावच्या खराब रानातली माती आणून तो केला आहे, आणि तो बरा होऊ द्यायचा नाही, हेच काम. दर हंगामाला त्यात टोमॅटो लावायचा, अळीला खाऊ द्यायचा. अळी उपाशी राहिली तर मरते. त्या वाफ्याची सगळी उठाठेव अक्काकडे होती. सकाळी नदीकडून धुकं आलेलं असायचं, कुंपणाची तारही दिसायची नाही, आणि आतून तिचा आवाज यायचा, "खावा रे बाबांनो, खावा. तुमच्यावरच आमचं प्वाट हाय." मला वाटायचं, धुक्यात पुष्कळ पोरं पंगतीला बसली आहेत आणि ती एकटी वाढते आहे.

एकदा सरांनी आम्हा सगळ्यांना बारीक जीव बघायची दुर्बीण दाखवली. गाठीची मुळं बारीक चिरून, जाळीवर पातळ कागदात घालून पाण्याच्या बशीवर ठेवली की रात्रीतून अळ्या खाली पाण्यात उतरतात. पाणी अगदी निवळ दिसत होतं. मी डोळा लावला आणि त्या निवळ पाण्यात वळवळणारे काचेचे दोरे बघून मी मागे सरले. आशामतीने दोनदा बघितलं. अक्का मात्र उठली नाही. "मला नगं. ज्येला रोज खाऊ घालते त्येचं त्वांड बघितलं तर माया लागंल," ती म्हणाली. आम्ही हसलो. तिला एका डोळ्याने दिसायचं बंद झालं होतं आणि दुसऱ्याला कडेने अंधार यायला लागला होता, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. बोटांनी मोजायची सवय तिला हौस म्हणून लागलेली नव्हती.

तिचं स्वतःचं रान कडा गावाकडे होतं. लग्नानंतर काही वर्षांनी तिने आणि तिच्या मालकांनी पहिल्यांदा टोमॅटो लावायचं ठरवलं. रोपं घरच्याच वाफ्यात केली. लावायच्या दिवशी अक्काने एक रोप उपटून बघितलं तर मुळाला बारीक गाठी. तिने भुईमुगाच्या, हरभऱ्याच्या मुळाला गाठी बघितलेल्या होत्या. त्या चांगल्या, रानाला खत देणाऱ्या. ती हरखून मालकांना म्हणाली, "बघा, काय गाठी धरल्यात, पीक लई येणार." आणि सगळी रोपं सगळ्या रानात लावून टाकली.

"माज्या हातानं," ती मला सांगायची. "एकेक रोप, नीट दाबून. मला वाटलं लक्षुमी लावायली मी."

ते रान पुढे टोमॅटोला, वांग्याला, कशालाच उभं राहिलं नाही. मालकांनी तिला कधी बोल लावला नाही, कारण त्यांनाही कारण ठाऊक नव्हतं. कारण तिला इथे मळ्यात आल्यावर कळलं, तोवर मालक नव्हते. ज्या दिवशी सरांनी तिला पहिली गाठ दाखवली त्या दिवशी ती जेवली नाही, असं आशामती सांगते.

म्हणून सतरा नंबर. सरांनी कितीतरी वर्षं खपून केलेला टोमॅटो, त्याला अजून नाव नव्हतं, कुंडीवर नुसता आकडा, शेजारच्या अठरासारखाच. मागच्या हंगामांत अळी सोडूनही त्याची मुळं कोरी निघाली होती. आणखी एक परीक्षा तशीच पार पडली, की बी शेतकऱ्यांच्या रानात जाणार होतं. अक्काला फक्त तेवढं बघायचं होतं: गाठीच्या रानात उभा राहिलेला टोमॅटो. बीडला डोळे तपासून आल्यावर तिच्या मुलाने, दत्ताने, पुण्याला चल म्हणून धोशा लावला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली सांभाळा. अक्काने दत्ताला सांगितलं, "दिवाळी होऊ दे. एवढी सतराची मुळं धुते आणि येते. मग न्ये मला कुठंबी."

तिला बीडला नेलं ते नवरात्राचे दिवस होते. नऊ दिवस ती मळ्यावर नव्हती.

आमच्या घरात बायका नवरात्रात पायात काही घालत नाहीत. आंबाजोगाईच्या देवीचं आहे. सासूबाई करायच्या, मी करते. शेडनेटच्या दाराशी अक्काचा नियम होता: बाहेरची चप्पल बाहेर काढायची, आतली निळी चप्पल घालायची आणि जांभळ्या औषधाच्या पाण्याने भरलेल्या ट्रेमध्ये पाय बुडवून आत जायचं. त्या नऊ दिवसांत माझ्या पायात चप्पलच नव्हती. काढायचं काय आणि घालायचं काय? नियम चपलेचा आहे, असं मला वाटलं. औषधाचं पाणी टाचांच्या भेगांना झोंबायचं, म्हणून मी ट्रे ओलांडून जायचे. खरं सांगायचं तर चपलेपेक्षा माझे पाय जास्त शुद्ध आहेत, असंच मनात होतं. सकाळी अक्काच्या बदली मी आजारी वाफ्याला पाणी द्यायचे, चिखलातून यायचे आणि तशीच कुंड्यांच्या रांगांमधून फिरायचे. आतली जमीन ओली, कुंड्यांना खाली भोकं. किती शांत वाटायचं त्या दिवसांत आत. हिरवा उजेड, रोपांचा वास, माझ्या पावलांचा आवाजसुद्धा नाही.

तुळशीचं लग्न झाल्यावर मुळं धुवायला घेतली. सतरा नंबरच्या पहिल्या कुंडीतलं रोप टबात सोडलं. अक्काने डोळे मिटले. तिचे ओठ एकदा हलले आणि थांबले.

"पाच," ती म्हणाली.

सरांनी भिंगाने बघितलं. दुसऱ्या कुंडीत चार, तिसरीत सात. सरांनी वहीत आकडे लिहिले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "अक्का, सतरा गेला. असं होतं. टिकत नाहीत काही वाण."

अक्काने हात पदराला पुसले. मग म्हणाली, "कोऱ्या कुंड्या आणा."

प्रत्येक वाणाच्या काही कुंड्यांत आम्ही अळी सोडतच नाही, तुलनेला ठेवतो. त्यांची मुळं कुणी मोजत बसत नाही. वरवर बघायचं आणि शून्य लिहायचं. सर म्हणाले, "त्यात काय असणार? उद्या बघू." पण आशामतीने कुंडी आणली. अक्काने हात घातले. त्या दिवशी तिला किती वेळ लागला कोण जाणे. मला आठवतं की टबातल्या पाण्यावर एक पान पडलं आणि ते कडेला लागेपर्यंत कुणी हललं नाही.

"हितं हाय एक. मव्हरीएवढी."

सरांना आधी दिसलीच नाही. तिने नखाने दाखवली तेव्हा दिसली. दुसऱ्या कोऱ्या कुंडीत दोन निघाल्या. सर उभे राहिले. आपण मोजून सोडलेली अळी वेगळी, बाहेरून आलेली वेगळी, आणि गाठी दोन्हींच्या सारख्याच दिसतात, असं त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. म्हणजे सतराच्या गाठी कुणाच्या, ते आता सांगता येणार नव्हतं. सतरा नापास नव्हता आणि पासही नव्हता. सगळी परीक्षा पहिल्यापासून घ्यावी लागणार होती.

"पण ही आत आली कशी?" सर म्हणाले. सगळ्या एकमेकींकडे बघत होत्या. मी टबाकडे बघत होते.

दोन दिवस मी रिकाम्या कुंड्या धूत राहिले. तिसऱ्या दिवशी अक्का आजारी वाफ्याच्या कडेला बसली होती, तिथे जाऊन मी सांगितलं. चप्पल, ट्रे, टाचा, सगळं. एवढं लांब मी कुणाशी आयुष्यात बोलले नव्हते.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "देवीनं अनवाणी ये म्हणलं व्हतं. चिखल घिऊन ये म्हणलं व्हतं का?"

मी रडायला लागले.

"रडू नकोस, वाफा वला हाय आधीच." तिने हातातलं ढेकूळ फोडलं. "मी सबंध रान लावलं सुमे. माज्या हातानं. तू नऊ दिवस चाललीस. आपल्या दोघींत शाणी कोण ते आता काय ठरवायचं?"

"अक्का, तुमाला जावं लागंल आता. सतराचं बघायचं राहिलं. माज्यामुळं."

"व्हय, राहिलं," ती म्हणाली. ते तिने झाकलं नाही. "वाईट वाटतंय मला. लई वाटतंय. पण त्या कुंडीत गाठ लागली म्हणून सतरा वाचला, हे बी हाय. मी गप बसले असते तर उकिरड्यावर गेला असता बिचारा."

"सरांला सांगू का?"

"ते तुजं तू बघ. आत अळी आली एवढं मी सांगितलंय. कुणाच्या पायानं आली ते तुला वाटंल तवा सांग."

ते मी सरांना आजपर्यंत सांगितलेलं नाही.

दत्ता न्यायला आला त्या सकाळी गाडी रस्त्याला उभी होती आणि अक्का शेडनेटमध्ये माझे हात धरून बसली होती. टबात एक साधं रोप होतं, गाठींनी भरलेलं. तिने माझे हात पाण्याखाली नेले, वर तिचे ठेवले आणि म्हणाली, "डोळं मीट." तिची बोटं माझ्या बोटांवरून चालत होती. "हे मूळ. हे बी मूळ. हितं थांब. हितं जरा फुगलंय, कळतंय का? दाबू नकोस, दाबलं की तुटती. नुसतं विचारायचं तिला." पाणी गार होतं. मला काहीच कळत नव्हतं, आणि मग एका जागी कळलं. बाहेर दत्ता हॉर्न वाजवत होता. अक्का म्हणाली, "वाजवू दे. त्येच्या जन्माला बी मी उशीरच केलता."

ती गेली. आशामतीने दारातला ट्रे दुप्पट लांबीचा करून घेतला. कुणाला ओलांडता येऊ नये असा. मग तिने एकदा माझ्या टाचांकडे बघून औषधाची बाटली त्यात उलटी केली.

संक्रांतीनंतर पुन्हा कुंड्या भरल्या. माती उकडली, रोपं लावली, अळी मोजून सोडली. होळीच्या पुढेमागे मुळं धुवायची वेळ आली आणि सर म्हणाले, "अक्का नाहीत. कोण बसणार टबापाशी?" आशामतीने मला पाठीत ढोसलं. मी बसले.

नियम सोपा होता. एक-दोन गाठी आल्या तर गुण एक. तीन झाल्या की गुण दोन. वाण शेतकऱ्यांना द्यायचा तर त्याच्या एकाही कुंडीला एकाच्या वर गुण चालत नाही. कोऱ्या कुंड्या आधी घेतल्या. सगळ्या कोऱ्याच निघाल्या. साध्या वाणाची मुळं आल्याच्या गड्ड्यासारखी झाली होती, ती मोजायलाही नको होती. मग सतरा. पहिली कुंडी, काही नाही. दुसरी, एक. तिसरी, काही नाही. शेवटच्या कुंडीला मी डोळे मिटले आणि मला एक लागली, मग बऱ्याच वेळाने दुसरी.

"दोन," मी म्हणाले.

सरांनी भिंगाने बघितलं, दोन म्हणाले, वहीत एक गुण लिहिला आणि पेनाला टोपण लावलं. आशामती हसायला लागली. सर फोन करायला बाहेर गेले. सतरा पास झाला होता.

मी कधी कुणाला आपणहून फोन करत नाही. त्या दिवशी केला. दत्ताच्या बायकोने अक्काला दिला. मागे कुकरची शिट्टी वाजत होती.

"अक्का, सतरा झाला. शेवटच्याला दोन निघाल्या, बाकीच्यात एक."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

"कुणी मोजल्या?"

"मी."

"मूळ कुठाय?"

"ट्रेमधी."

"वाळलं का?"

"न्हाई, वलं हाय अजून."

"मग परत पाण्यात सोड. खोडाला जिथं मिळतंय ना मूळ, तिथं वरच्या अंगाला बघ. आपल्याला नगं असती ती गाठ तिथं बसती."

मी फोन तसाच टबाच्या कडेवर ठेवला. मूळ पाण्यात सोडलं. डोळे मिटले. आता हिरवा उजेड नव्हता, आशामतीचं हसणं लांब गेलं होतं, नुसतं पाणी आणि मुळं. बोटं वर वर नेत खोडापाशी आणली. तिथे दोन जाड मुळांच्या बेचक्यात, आत, ती होती. मोहरीपेक्षाही लहान. तुटेल इतकी लहान. नख लावलं असतं तर पाण्यातच गेली असती आणि कुणाला कळलं नसतं. सरांना नाही, आशामतीला नाही. मी बोट तिच्यावर ठेवून किती वेळ बसले होते, ते मला सांगता येणार नाही.

मग फोन कानाला लावला. "अक्का, हाय."

सतरा आता कुणाच्याच रानात जाणार नव्हता, हे तिला माझ्याआधी कळलं असणार.

"मग मला कशाला सांगायलीस?" ती म्हणाली. "सरांला सांग."

सर बाहेर लिंबाखाली उभे राहून कुणाशीतरी आनंदाने बोलत होते. ओले हात घेऊन मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी फोन कानापासून बाजूला केला.

"सर, शेवटच्या कुंडीला तीन हायेत."

ते आत आले. भिंगाने बघितलं, मग भिंग ठेवून बोटाने चाचपून बघितलं. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं, एकच्या आकड्यावर रेघ मारली, शेजारी दोन लिहिला आणि म्हणाले, "सुमनबाई, अठरा नंबरची कुंडी आणा."